गादीची रुंदी

पोल व्हॉल्टला मराठीत 'बांबू उडी' म्हणतात. वर्तमानपत्रांत हाच शब्द येतो आणि शाळेत येणाऱ्या स्पर्धांच्या याद्यांतही बहुधा हाच असतो. खेळातून बांबू जाऊन सत्तर-पंचाहत्तर वर्षे झाली, शब्द मात्र राहिला. कोकणातल्या माणसाला तो परका वाटत नाही. पावसाळ्यात पऱ्या ओलांडताना हातातला बांबू मध्ये रोवून पलीकडे झेपावणारी पोरे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पलीकडे चिखल असतो. पडले तर कपडे भरतात, आई ओरडते, संपले.

या खेळाचा इतिहासही साधारण असाच, चिखलापासून सुरू झालेला आहे. आधी जड लाकडाच्या काठ्या होत्या. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हलका बांबू आला. कॉर्नेलियस वॉर्मरडॅम नावाच्या अमेरिकन खेळाडूने 1942 मध्ये बांबूवर 4.77 मीटर उडी मारली आणि तो विक्रम 1957 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. तो उतरायचा कुठे, तर वाळूच्या आणि भुशाच्या खड्ड्यात. म्हणून त्या काळचे खेळाडू मांजरासारखे पायांवर उतरायला शिकत. मग धातूची काठी आली. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये डॉन ब्रॅगने धातूच्याच काठीवर 4.70 मीटर मारून सुवर्ण घेतले. पण तोपर्यंत फायबरग्लासची काठी मैदानात उतरली होती, आणि ती धनुष्यासारखी वाकते. 1964 मध्ये टोकियोत फ्रेड हॅन्सन त्या काठीवर 5.10 मीटर गेला. माणूस इतक्या उंचीवरून आणि तेही पाठीवर पडू लागला तेव्हा वाळू पुरेना, म्हणून फोमच्या जाड गाद्या आल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. उंची आधी वाढली, गादी मागाहून आली. आमच्या भागात तर ती अजून वाटेतच आहे.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान आणि गणित शिकवते. बी.एड.ला अध्यापनाच्या पद्धती शिकवल्या, पाठ टाचण लिहायला शिकवले, मैदानावर काय पाहायचे हे कुणी शिकवले नाही. आमच्याकडे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे. त्यामुळे मुलींचा संघ घेऊन जाण्याचे काम ज्या बाईंच्या घरी लहान मूल नाही त्यांच्याकडे येते, म्हणजे माझ्याकडे. तक्रार नाही. वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी मैदानावर कशी दिसते हे मला त्यामुळेच कळले.

2022 साली दहावीच्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, माझं नाव बांबू उडीत लिहा." तिचे नाव इथे लिहीत नाही. मुलगी आता सज्ञान आहे, पण नाव तिचे आहे आणि लेख माझा. तिचे वडील कुवेतला ड्रायव्हर, आई घरी शिवणकाम करते. त्याच ऑक्टोबरात गांधीनगरच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तामिळनाडूच्या रोझी मीना पॉलराजने 4.20 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला होता. त्या बातमीचे कात्रण तिने कंपासपेटीत घडी करून ठेवले होते. पण ती नुसती कात्रणावर आलेली नव्हती. शेजारच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. ते पलटणीत असताना ही उडी मारत. त्यांनी आपल्या कापलेल्या शेतात भाताच्या पेंढ्याचा कंबरेइतका उंच ढीग रचला होता, त्यावर ताडपत्री टाकली होती आणि गावातल्या तीन-चार पोरांना ते रोज संध्याकाळी शिकवत. मी एकदा बघायला गेले. तो ढीग चांगला आमच्या वर्गखोलीएवढा पसरलेला होता.

मी म्हटले, "काका, एवढा पेंढा कशाला? मुलं तर मध्येच पडतात."

सुभेदार म्हणाले, "मध्ये पडणाऱ्यासाठी नाही हो मॅडम. बाजूला पडेल त्याच्यासाठी आहे."

पहिले पंधरा दिवस त्यांनी पोरांच्या हातात काठीच दिली नव्हती. नुसते पडायला शिकवले. हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, हात मागे न टेकता. हात मागे टेकला की मनगट किंवा कोपर गेलेच, हे ते रोज सांगत. मुलगी पेंढ्यावर 2.10 मीटर जाऊ लागली. बांबू उडीला नावेच कमी असतात, त्यामुळे तालुक्याला फारशी चुरस झाली नाही आणि ती जिल्ह्याच्या स्पर्धेला पात्र ठरली.

जिल्ह्याचे आणि मैदानाचे नाव मी घेणार नाही, कारण अशी मैदाने पुष्कळ आहेत. नोव्हेंबरचे दिवस होते. लांब उडीच्या खड्ड्यातच बांबू उडीची सोय केली होती. पावसाने वाळू वाहून जाऊन खाली खडी दिसत होती. तिच्यावर जिम्नॅस्टिकच्या चार गाद्या शेजारी शेजारी ठेवून सुतळीने बांधल्या होत्या. दोन गाद्यांच्या मधल्या फटीत माझा पूर्ण हात गेला. काठी रोवायचा लोखंडी बॉक्स जमिनीत नीट बसवलेला नव्हता, त्याची मागची कड दोन बोटे वर होती आणि ती उघडी होती. गोळाफेकीच्या पंचांकडून मी मोजपट्टी मागून आणली. गाद्या रुंदीला 2.40 मीटर आणि लांबीला 3.60 मीटर भरल्या. गादी संपली की चाळीस सेंटिमीटरवर खड्ड्याचा सिमेंटचा कठडा.

त्या आधीच्या आठवड्यात मी या खेळाचे नियम वाचून काढले होते. सवय आहे, जे शिकवायचे ते आधी वाचायचे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या स्पर्धांसाठी उतरण्याची गादी, पुढचे तुकडे सोडून, निदान 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 80 सेंटिमीटर उंच लागते. इतर स्पर्धांनाही निदान 5 मीटर बाय 5 मीटर. बॉक्सच्या दोन्ही बाजूंनी गादीचे पुढचे तुकडे निदान 2 मीटर पुढे आलेले हवेत. मी जिल्ह्याच्या मैदानावर ऑलिंपिकची गादी मागत नव्हते. फट भरा, कठड्यावर काही टाका, बॉक्सची कड झाका, एवढेच म्हणाले.

तिथले एक जबाबदार गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडम, वर्षानुवर्षं असंच होतंय. आजवर कुणाला काही झालेलं नाही."

मी मुलीचे नाव मागे घेतले.

ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. काठीला बांधलेली चिंधी सोडून तिने पिशवीत ठेवली आणि कडेला जाऊन बसली. बाकीच्या तीन मुलींनी उड्या मारल्या. पहिली आलेली मुलगी 1.80 मीटरवर जिंकली आणि विभागाला गेली. 1.80! आमची मुलगी पेंढ्यावर 2.10 जात होती. आणि त्या दिवशी कुणालाही खरचटलेसुद्धा नाही. हेही लिहायला हवे, कारण पुढचा सगळा त्रास त्यातूनच झाला.

परत आले तो मोहल्ल्यात माझे कौतुक सुरू झालेले. जमातीतले एक बुजुर्ग रस्त्यात थांबून म्हणाले, "बेटी, बहुत अच्छा किया. लडकियों का ये काम नहीं." शेजारच्या बाई म्हणाल्या, "टीचर, तुम्ही वेळेवर रोखलंत. उद्या हातपाय मोडला असता तर लग्न कोण करणार होतं तिच्याशी?" शाळेतल्या एका सहकाऱ्याने चहा पाजला. जी गोष्ट मी मोजपट्टीने मोजून केली होती ती सगळ्यांनी वेगळ्याच मापाने मोजली. आणि मुलीनेही तेच माप धरले. तिला वाटले, टीचर ऐनवेळी बाकीच्यांसारख्याच निघाल्या. पुढे तीन महिने ती वर्गात मागच्या बाकावर बसली.

आपल्या समाजात मुलींना पुष्कळ गोष्टींना 'नको' ऐकावे लागते. त्या सगळ्या 'नको'चा एक ढीग झालेला आहे. त्यात गादीच्या फटीमुळे आलेला एखादा 'नको' पडला तर तो वेगळा ओळखू कसा यावा? माझी अडचण ही होती. कुणी निंदा केली असती तर उत्तर देणे सोपे होते. चुकीच्या कारणासाठी केलेली तारीफ परत कशी करायची?

म्हणून मी वाचू लागले. पहिल्यांदा तिच्यासाठी, मग स्वतःसाठी. जे कळले ते असे.

ही उडी म्हणजे धावण्याचे उंचीत रूपांतर आहे. नववी-दहावीच्या पुस्तकातली गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा, दुसरे काही नाही. सेकंदाला 10 मीटर धावणाऱ्या माणसाची सगळी गतिज ऊर्जा उंचीत गेली तर तो सुमारे 5.1 मीटर वर जाईल. धावताना शरीराचा गुरुत्वमध्य आधीच एक मीटरच्या आसपास असतो, तो मिळवा, हाताच्या जोराने शेवटी मिळणारी भर मिळवा, म्हणजे आर्मंड डुप्लांटिसने 2025 मध्ये टोकियोत 6.30 मीटर कसे मारले ते ध्यानात येते. सेकंदाला 6 मीटर धावणाऱ्या शाळकरी मुलीला हाच हिशेब अडीच-पावणेतीन मीटरपर्यंत नेतो. वर्गात हे गणित मी फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरची मान प्रथमच वर झाली.

आता वर गेलेला माणूस खाली येणारच. 4 मीटरवरून पडणारे शरीर जमिनीला टेकताना ताशी सुमारे 32 किलोमीटर वेगात असते. 2 मीटरवरून पडले तर साधारण साडेबावीस. तो वेग किती अंतरात थांबतो यावर सगळे अवलंबून. गादी 40 सेंटिमीटर दबली तर 2 मीटरवरून पडणाऱ्याला स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा पट जोर सोसावा लागतो, तो सोसतो. सिमेंटवर डोके एका सेंटिमीटरात थांबले तर तोच जोर दोनशे पटीच्या घरात जातो. आंब्याच्या झाडावरून पडलेला खळेकरी पाचोळ्यावर पडला तर वाचतो आणि जांभ्या दगडावर पडला तर वाचत नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही.

आणि माणूस नेहमी गादीच्या मधोमध पडत नाही. काठी टोकाला गेली पाहिजे, म्हणजे उभी झाली पाहिजे, तरच ती खेळाडूला पलीकडे नेते. धाव कमी पडली, पकड फार वर झाली, पाय चुकला, की काठी उभी होण्याआधीच थांबते. मग खेळाडू नेमका त्या बॉक्सच्या वर लटकलेला असतो, पाय वर आणि डोके खाली. काठी फार मऊ असेल तर ती त्याला भलतीकडे भिरकावते किंवा मोडते. म्हणून काठीवर किती वजनाच्या माणसासाठी ती आहे हे लिहिलेले असते आणि अमेरिकेतल्या शाळांत त्याहून जड मुलाला ती काठी वापरू देत नाहीत. नामांकितांच्या काठ्याही मोडतात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या लाझारो बोर्जेसची काठी वाकलेली असतानाच तीन तुकडे होऊन उडाली. तो गादीवर पडला आणि उठून उभा राहिला. गादी होती.

बॅरी बोडेन नावाच्या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 ते 1998 या काळातले तिथल्या खेळाडूंचे भीषण अपघात तपासले आणि 2001 मध्ये ते प्रसिद्ध केले. एकूण 32. त्यातले 16 जण मेले. ही यादी शाळा-कॉलेजांतल्या मुलग्यांची होती, कारण त्या काळात मुलींना हा खेळ जवळजवळ बंदच होता. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची पोल व्हॉल्ट 2000 साली सिडनीला आली. मुलगे मरत होते तेव्हा 'मुलग्यांचं हे काम नाही' असे कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

पण त्या अभ्यासातली माझ्या कामाची गोष्ट पुढे होती. त्या 32 पैकी 17 जणांचे अंग गादीच्या कडेवर पडले आणि डोके गादीबाहेर फेकले जाऊन भोवतीच्या काँक्रीटवर किंवा डांबरावर आपटले. 8 जण बॉक्समध्ये पडले. 5 जण गादी पूर्णपणे चुकले. मी हे आकडे वाचले आणि वहीतले माझे आकडे काढले. 2.40, 3.60, चाळीस सेंटिमीटरवर कठडा. मला वाटते, माझे मन त्या रात्री पहिल्यांदा स्वस्थ झाले.

हेही खरे की सोळा वर्षांत 32 म्हणजे वर्षाला दोन. हजारो मुले उड्या मारतात, त्यात दोन. तेव्हा 'आजवर कुणाला काही झालेलं नाही' म्हणणारे ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. त्यांचे आयुष्य सरेपर्यंतही त्यांच्या मैदानावर कुणाला काही होणार नाही, अशीच शक्यता जास्त आहे. असल्या धोक्याचे हेच तर कठीण असते. तो रोज दिसत नाही, म्हणून त्याला नसीब म्हणता येते.

केव्हिन डेअर हा पेन स्टेट विद्यापीठाचा 19 वर्षांचा विद्यार्थी. 23 फेब्रुवारी 2002 रोजी मिनियापोलिसला विद्यापीठांच्या स्पर्धेत, सुमारे पावणेपाच मीटरच्या आडकाठीसाठी तो धावला. काठी रोवली, वर गेला, आणि पलीकडे जाण्याऐवजी डोक्यावर त्या लोखंडी बॉक्समध्ये पडला. तिथेच मरण आले. त्याच वर्षी अमेरिकेत शाळकरी वयाचे आणखी दोन मुलगे याच खेळात गेले. केव्हिनच्या वडिलांनी मुलाला पुरले आणि मग ते हेल्मेटसाठी, सुरक्षित साधनांसाठी दारोदार फिरू लागले. पुढच्या वर्षापासून तिथल्या शाळांच्या नियमांत गादी मोठी झाली. काही वर्षांनी बॉक्सच्या कडांभोवती मऊ गळपट्टा बसवणे सक्तीचे झाले. त्यानंतर कडेवरून जमिनीवर आदळण्याचे प्रकार कमी झाले, मृत्यूही घटले. बॉक्समधले अपघात मात्र राहिले आहेत.

हे सारे मी अम्मीला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मौत लिहिलेली असते ग, गादीने काय होतंय?" अम्मीशी मी वाद घालत नाही. पण उंट बांधण्याची ती हदीस तिनेच मला लहानपणी सांगितली होती, ती तिला आठवून दिली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग उंट बांधायची दोरी कुणी घ्यायची? सरकारने की तू?" याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते.

मी तवक्कुल मानते. मात्र आपल्याकडे पुष्कळदा काय होते, तर ज्याने दोरी आणायची तो विसरतो आणि ज्याचा उंट जातो त्याला सब्र शिकवतात. मेलेल्याच्या घरी जाऊन 'अल्लाह की मर्जी' म्हणण्याचा हक्क त्यालाच असावा, ज्याने आधी कठड्यावर दोन पोती टाकली होती. माझे हे मत कुणाला कडक वाटेल, वाटू दे.

गादी कितीही मोठी केली तरी सगळे टळत नाही, हेही मला मान्य केले पाहिजे. किरा ग्रुनबर्ग ही ऑस्ट्रियाची राष्ट्रीय विक्रमवीर, 2014 साली झुरिकला 4.45 मीटर गेलेली. 30 जुलै 2015 ला इन्सब्रुकमध्ये नेहमीच्या सरावात ती सुमारे चार मीटरवरून मानेवर बॉक्सपाशी पडली. मानेचा पाचवा मणका मोडला. ती 21 वर्षांची होती, आणि तिचे वडीलच तिचे प्रशिक्षक होते. तिथे गादी होती, चांगले मैदान होते, जाणता बाप होता. तरी झाले. ती पुन्हा चालू शकली नाही. 2017 साली मात्र ती चाकाच्या खुर्चीतून ऑस्ट्रियाच्या संसदेत खासदार म्हणून गेली आणि 2024 पर्यंत तिथे होती. मार्च 2024 मध्ये ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत फ्रान्सच्या मार्गो शेव्हरिएचा घोटा बॉक्सपाशी पडून असा मोडला की हाड बाहेर आले. स्वतःच्या देशातले ऑलिंपिक तिला मुकावे लागले.

ब्रायन स्टर्नबर्गची गोष्ट वेगळीच. 1963 च्या उन्हाळ्यात तो जगातला सर्वांत उंच उडी मारणारा पोल व्हॉल्टर होता, 5.08 मीटर. वय 20. रशियाविरुद्धच्या सामन्यासाठी मॉस्कोला जायचे होते. 2 जुलैला तो ट्रॅम्पोलिनवर सराव करत असताना मानेवर पडला आणि मानेखालचे सारे शरीर गेले. काठी नाही, बॉक्स नाही, आडकाठी नाही. हवेत अंग फिरवण्याचा सराव, बस्स. त्यानंतर तो पन्नास वर्षे जगला, 2013 मध्ये वारला. पन्नास वर्षे त्याला कुणी तरी कुशीवर वळवले असेल, पाणी पाजले असेल, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पाहिले असेल. विक्रमांच्या तक्त्यात त्याचे नाव असते. पाणी पाजणाऱ्यांचे नसते.

हे सर्व मी त्या मुलीला एकदम सांगितले नाही. तिच्या वडिलांना मात्र सांगितले. फेब्रुवारीत एका शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांचा कुवेतहून फोन आला. मला वाटले, तेही शाबासकी देणार. सलाम-दुवा झाली आणि ते म्हणाले, "मॅडम, घरून वेगवेगळं ऐकतोय. मला फक्त एक सांगा, उडी मारू नये म्हणून नाव काढलंत की गादी नव्हती म्हणून?"

मी म्हटले, "गादी नव्हती म्हणून."

"किती होती?"

मी वही उघडून आकडे सांगितले. कठड्याचे अंतरही सांगितले. पलीकडे थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग ते म्हणाले, "इथे बांधकामावर जाळी बांधल्याशिवाय माणूस वर चढवत नाहीत. कुठे कुठे चढवतात, ते पण बघितलंय." आणखी थोडे थांबून म्हणाले, "ज्या मैदानात गादी असेल तिथे तिला घेऊन जाल का? खर्च मी पाठवतो. तिच्या आईला मी सांगतो, मोहल्ल्याला तुम्ही सांगा." मोहल्ल्याचे काम माझ्याकडे आले, हे त्यातल्या त्यात अवघड काम होते. आजही चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला तीच वही दिली, तोंडाने काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत ती पुढे आली आणि म्हणाली, "टीचर, 17 जण कडेला पडले. सुभेदार काकांना हे कुठून माहीत?" मी म्हटले, "त्यांना विचार." तिने विचारले असावे. पलटणीत त्यांच्या बरोबरचा एक जवान वाळूच्या खड्ड्याच्या कडेवर पडला होता, एवढेच तिने मला नंतर सांगितले. पुढचे सुभेदारांनी तिला सांगितले नाही, किंवा तिने मला.

बारावीनंतर ती पुण्याला शिकायला गेली. 2025 च्या डिसेंबरात मी बालेवाडीच्या क्रीडा संकुलात तिला उडी मारताना पाहिले. खरी गादी मी तिथे पहिल्यांदा पाहिली आणि खरे सांगायचे तर आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. बॉक्सच्या कडांना पट्टा होता, तो बोटाने दाबून पाहिला. मुलगी लांबूनच हसत होती. अंगात लांब बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट, डोक्याला घट्ट बांधलेला काळा रुमाल. पहिल्या दोन धावांत ती काठी रोवून वर न जाता सरळ पळत गादीवर गेली. मला वाटले, घाबरली. नंतर म्हणाली, "पाऊल बरोबर पडलं नाही की जायचंच नाही टीचर, तेच तर शिकायचं असतं." तिसऱ्या धावेला ती वर गेली, आडकाठीला पोट लागले, आडकाठी आणि ती दोघी खाली आल्या. ती पाठीवर पडली, हनुवटी छातीला. गादीतून हवा सुटल्याचा 'भुस्स' असा आवाज आला. 2.60 होती. मग ती उठून आडकाठी ठेवायला मदत करू लागली. डाव्या दंडावर काठीचा वळ उठला होता, तो तिने आईला फोनवर दाखवला नाही.

आमच्या तालुक्यात अजून गादी आलेली नाही. सुभेदारांचे गुडघे दुखतात, तरी भात झोडून झाले की ते पेंढा विकत नाहीत. यंदाची यादी शाळेत आली आहे. बांबू उडीच्या रकान्यात आमच्या दोन मुली आणि एक मुलगा आहे, दोन्ही मुलींच्या आयांनी सही दिली आहे. मी उतरण्याच्या जागेचे माप लेखी विचारले आहे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घेतला आहे. उत्तर आलेले नाही. नावे शनिवारपर्यंत पाठवायची आहेत.